पोर्तो ते सांतियागो: पोर्तुगीज कामिनो पायी चालायचा असेल तर

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसिया प्रांतात सांतियागो दे कॉम्पोस्तेला नावाचं शहर आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी याकोबाची कबर तिथल्या कॅथेड्रलखाली आहे, अशी श्रद्धा नवव्या शतकापासून चालत आलेली आहे. परंपरा सांगते की पेलायो नावाच्या एकांतवासी साधूला रानात दिवे दिसले, त्यानं इरिया फ्लावियाच्या तेओदोमिरो बिशपांना कळवलं आणि राजा दुसरा आल्फोन्सो यानं त्या जागी पहिलं चर्च बांधलं. तेव्हापासून युरोपभरातून लोक तिकडे चालत निघाले. त्यांच्या पावलांनी पडलेल्या वाटा म्हणजे कामिनो. आजही या वाटा वाहत्या आहेत. 2024 या एका वर्षात जवळपास 5 लाख लोकांनी सांतियागोला पोहोचून यात्रेचं प्रमाणपत्र घेतलं.

वसई-विरार भागातल्या वाचकांना हा संत परका नाही. आगाशीचं चर्च त्याच्याच नावानं आहे.

सगळ्यांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या सीमेवरून येते. ती जवळपास 780 किलोमीटर आहे आणि महिन्याहून जास्त वेळ मागते. भारतातून सुट्टी काढून जाणाऱ्यासाठी मी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून निघणारी वाट सुचवते. अंतर सुमारे 240 किलोमीटर. द्राक्षांचे मांडव, मक्याची शेतं, निलगिरीची रानं, ग्रॅनाइटची खेडी आणि मधे मधे जुनी बाजारपेठेची गावं, असा तिचा तोंडवळा आहे. 1325 मध्ये पोर्तुगालची राणी इझाबेल पतीच्या निधनानंतर सांतियागोच्या यात्रेला गेली होती. कोइंब्रामधल्या तिच्या समाधीवरच्या मूर्तीत यात्रेकरूची काठी कोरलेली आहे.

सुट्टी किती आणि कशी

प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर चाललं तरी पुरतं, म्हणून पुष्कळ लोक सीमेवरच्या तुई गावातून सुरुवात करतात आणि पाच-सहा दिवसांत पोहोचतात. ज्यांना खरोखरच आठवडाच मोकळा आहे त्यांनी तसं करावं. पण तीन आठवडे मिळत असतील तर पोर्तोहून निघा. पहिले तीन-चार दिवस शरीर कुरकुरण्यात जातात आणि मग कुठे चालणं अंगवळणी पडतं. तुईहून निघालेल्या माणसाची वाट नेमकी तेव्हाच संपत येते.

दुसरी गोष्ट मी आग्रहानं सांगते. एवढ्या लांब चाललोच आहोत तर लिस्बन, माद्रिद, बार्सिलोनाही उरकून घेऊ, असा बेत करू नका. पुढच्या हॉटेलची तारीख ठरलेली असली की टाच दुखत असतानाही माणूस 30 किलोमीटर रेटतो, आणि तिथूनच दुखापती सुरू होतात. तेरा दिवस चालण्याचे, एक-दोन दिवस विश्रांतीचे, पोर्तोत दोन, सांतियागोत दोन-तीन आणि प्रवासाचे वेगळे, असा हिशेब धरा.

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं, गर्दी असते आणि उत्तर पोर्तुगाल व गालिसियात वणवेही पेटतात. हिवाळ्यात पाऊस पाठ सोडत नाही आणि मुक्कामाच्या बऱ्याच जागा बंद असतात. 25 जुलैला याकोबाचा सण असतो. तो रविवारी आला की ते वर्ष पवित्र वर्ष मानतात आणि यात्रेकरूंची संख्या फार वाढते. पुढचं पवित्र वर्ष 2027 आहे. त्या वर्षी जायचं असेल तर राहण्याची सोय कितीतरी आधी करावी लागेल.

व्हिसा

पोर्तुगाल आणि स्पेन दोन्ही शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. या वाटेवर हा नियम फार बारीक लागू होतो, कारण रात्री दोन्हीकडे जवळपास सारख्याच पडतात. सीमेवरचा मुक्काम मिन्यो नदीच्या अलीकडे वालेन्सात केलात तर एक रात्र पोर्तुगालकडे जाते, पलीकडे तुईत केलात तर स्पेनकडे. विश्रांतीचा दिवस पोन्ति द लिमामध्ये घेतला आणि सीमेवर वालेन्सात झोपलं, की पोर्तुगालचं पारडं निर्विवाद जड होतं आणि अर्ज सरळ होतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुक्कामाचे पुरावे द्यावे लागतात, आणि सरकारी यात्रीनिवासांत आगाऊ नोंदणी होत नाही, म्हणून अर्जापुरती तरी खासगी निवासांची नोंदणी करा. सोबत रोजच्या टप्प्यांचा एक पानी तक्ता जोडा. पायी यात्रा म्हणजे काय हे अर्ज पाहणाऱ्याला त्यावरून लगेच कळतं.

सराव

दोन महिने आधी सुरू करा. सिंहगड चढता येतो म्हणून कामिनो जमेल असं गृहीत धरू नका. तिथं दम लागतो तो तासाभराचा. इथं प्रश्न वेगळा आहे: काल 20 किलोमीटर चाललेल्या पायांवर आज पुन्हा 20 चालायचे, आणि उद्याही. म्हणून शनिवार-रविवार लागोपाठ चाला, पाठीवर खरी पिशवी घेऊन, खरे बूट घालून, आणि डांबरी रस्त्यावर. सुरुवातीला 8 किलोमीटर, मग 12, मग 18. जाण्यापूर्वी लागोपाठ दोन दिवस 18-20 जमले तर तुम्ही तयार आहात. शेवटच्या आठवड्यात पायांना विश्रांती द्या.

पिशवी आणि पाय

पिशवीचं वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. बहुतेकांसाठी पाण्याशिवाय 6 ते 7 किलो. 35 लिटरची सॅक पुरते. चालण्याचे दोन जोड, संध्याकाळचा एक, पातळ उबदार जाकीट, सॅकसकट अंग झाकेल असा पाँचो, हलकी स्लीपिंग बॅग, लवकर वाळणारा टॉवेल, चपला, डोक्याला लावायचा दिवा, कानात घालायचे बोळे. कपडे रोज हातानं धुवायचे, म्हणून दोरी आणि चार चिमटे. जीन्स नको, ती वाळतच नाही. गालिसियात पाऊस कधीही येतो, तेव्हा पाँचोवर पैसे वाचवू नका.

बुटांबद्दल थोडं सविस्तर. पोर्तुगालच्या या भागात खेड्यांतले रस्ते ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांनी फरसबंद केलेले आहेत आणि ते मैलोन् मैल चालतात. दिसायला सुंदर, तळव्यांना निर्दय. जाड उशीचा तळ असलेले धावण्याचे किंवा रानवाटेचे बूट इथं घोट्यापर्यंतच्या जड ट्रेकिंग बुटांपेक्षा चांगले. माप नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठं घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतात. नवे बूट घालून विमानात बसू नका. निदान 100 किलोमीटर ते पायात फिरलेले असू देत.

फोड हा या यात्रेतला सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत जास्त लोकांना थांबवणारा त्रास आहे. उपाय त्याच्या आधीचा आहे. सकाळी बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन चोळा, सुती मोजे टाळून लोकरीचे किंवा सिंथेटिक पातळ मोजे घाला, आणि दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला धरा. कुठे चटका जाणवला की तिथंच थांबा आणि चिकटपट्टी लावा. पुढच्या गावात बघू म्हटलं की पुढच्या गावात फोड तयार असतो. दोन्ही देशांत औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, आणि तिथली माणसं यात्रेकरूंच्या पायांची जाणकार असतात. नुसता पाय दाखवला तरी योग्य वस्तू हातात देतात.

पाठदुखी असेल तर सॅक पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा आहेत. त्या वापरण्यात कमीपणा काहीच नाही. आणीबाणीत दोन्ही देशांत 112 हा क्रमांक लावायचा.

यात्रेचा पासपोर्ट

पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये क्रेदेन्सियाल नावाची घडीची पुस्तिका मिळते. यात्रीनिवासात प्रवेश तिच्यावरच. वाटेतली चर्च, कॅफे, मुक्कामाच्या जागा तिच्यावर शिक्का मारून देतात. पोर्तुगालात त्याला कारिंबू म्हणतात, स्पेनमध्ये सेयो. रोज दोन शिक्के घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. शेवटच्या 100 किलोमीटरमध्ये ते आवश्यकच आहेत.

वाट पिवळ्या बाणांनी दाखवलेली आहे. ही पद्धत 1980च्या दशकात ओ सेब्रेइरोचे फादर एलियास वालिन्या यांनी फ्रेंच वाटेवर रंगाचा डबा घेऊन सुरू केली, आणि आज सगळ्या कामिनोंवर तीच चालते. पोर्तुगालात निळे बाणही दिसतील. ते फातिमा या पोर्तुगालमधल्या तीर्थक्षेत्राकडे, म्हणजे उलट दिशेला जातात.

टप्पे

पोर्तोतून दोन वाटा निघतात, एक मध्यवर्ती आणि एक किनाऱ्याची. मध्यवर्ती वाटेवर शहराबाहेर पडताना लांबवर उपनगरं आणि कारखाने लागतात, शिवाय दगडी कुंपणांच्या मधून जाणारे, कडेला पाऊलभर जागा नसलेले रस्ते. माझं मत असं की कॅथेड्रलमध्ये पहिला शिक्का घ्या, मेट्रोनं मातोझिन्योशला जा आणि समुद्राकाठच्या लाकडी पायवाटेनं विला दु कोंदेपर्यंत चाला. सुमारे 23 किलोमीटर, सपाट, अटलांटिकचा वारा तोंडावर. दुसऱ्या दिवशी आत वळून साओ पेद्रो द रातेश गाठा. तिथं मध्यवर्ती वाट मिळते. गावातलं रोमनेस्क शैलीचं जुनं चर्च निवांत बसून पाहण्यासारखं आहे.

रातेश ते बार्सेलोस 16 किलोमीटर. पोर्तुगालभर दुकानांत दिसणारा रंगीत कोंबडा या गावचा. निरपराध यात्रेकरूला फाशी होणार होती तेव्हा न्यायाधीशाच्या ताटातला भाजलेला कोंबडा उठून आरवला, अशी इथली कथा आहे. गुरुवारी पोहोचता आलं तर जरूर पोहोचा, त्या दिवशी इथं मोठा आठवडी बाजार भरतो.

बार्सेलोस ते पोन्ति द लिमा हे अंतर 33-34 किलोमीटर आहे आणि बरेच जण ते एका दिवसात मारतात. करू नका. 10 किलोमीटरवर तामेलला यात्रीनिवास आहे, तिथं थांबून दिवस मोडा. पोन्ति द लिमा म्हणजे लिमा नदीवरचा लांब दगडी पूल आणि त्याच्या टोकाला वसलेलं गाव. पुलाचा काही भाग रोमन काळातला आहे. ही विस्मरणाची नदी आहे, ओलांडली तर सगळं विसरू, या भीतीनं रोमन सैनिक अलीकडेच अडले. तेव्हा त्यांचा सेनापती एकटा पलीकडे गेला आणि तिथून एकेकाला नावानं हाक मारली, असं सांगतात. विश्रांतीचा दिवस इथं घ्या. या वाटेवर याहून शांत गाव मला माहीत नाही.

त्यानंतरचा रुबियाइंशपर्यंतचा 18 किलोमीटरचा टप्पा सगळ्यांत अवघड. लाब्रुजाची चढण दगडगोट्यांची आणि सरळसोट आहे. माथा सुमारे 400 मीटरवर, म्हणजे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला फारसा नाही, पण सॅक पाठीवर असते. चढणीवर दुकान नाही. खालीच पाणी भरा, काहीतरी खाऊन घ्या आणि सकाळच्या गारव्यात चढा. उतारावर घाई नको, गुडघे तिथं जातात.

रुबियाइंशहून वालेन्सा 20 किलोमीटरच्या आत. वालेन्साचा तटबंदीचा किल्ला अजून वस्तीचा आहे. समोर नदी आणि तिच्यावर 1886 चा लोखंडी पूल. पूल ओलांडला की घड्याळ एक तास पुढे करा. या तासामुळे आणखी एक होतं: सप्टेंबरच्या उत्तरार्धात स्पेनकडे सूर्य सव्वाआठच्या आसपास उगवतो, म्हणून पहाटे सहाला निघून अंधारात बाण शोधत बसण्यात अर्थ नसतो.

तुईचं कॅथेड्रल किल्ल्यासारखं उभं आहे. तिथून ओ पोरिन्योपर्यंत जुनी वाट औद्योगिक वसाहतीतून सरळ जाते. लोउरो नदीकाठचा पर्याय निवडा, झाडी आहे. पुढे रेदोन्देला, मग आर्काद आणि पोन्ते साम्पायोचा जुना पूल. 1809 मध्ये गालिसियातल्या लोकांनी नेपोलियनच्या ‘ने’ नावाच्या मार्शलच्या फौजेला इथंच अडवलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पोन्तेवेद्रा. त्याचा जुना भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. व्हर्जिन पेरेग्रिना, म्हणजे यात्रेकरू मरियामातेचं अठराव्या शतकातलं छोटं चर्च शिंपल्याच्या आकारात बांधलेलं आहे. शिंपला हे या यात्रेचं चिन्ह.

पोन्तेवेद्राच्या पुढे एक फाटा आहे. कोंबारो, आर्मेन्तेइरा मठ करत विलानोवा दे आरोसाला जायचं आणि तिथून होडीनं खाडीतून वर पोन्तेसेसुरेसला उतरायचं. याकोबाचा देह ज्या जलमार्गानं आणला अशी श्रद्धा आहे, तोच हा मार्ग. एक दिवस जास्त लागतो आणि आर्मेन्तेइराची चढण दमवते, पण दिवस हाताशी असतील तर मी हीच वाट घेईन. होडीची वेळ भरतीवर ठरते, आदल्या दिवशी विचारून ठेवा. सरळ वाटेनं गेलात तर काल्दास दे रेइसला गरम पाण्याचं कुंड लागतं, त्यात पाय सोडून बसा.

पाद्रोनला नदीजवळच्या चर्चमध्ये मुख्य वेदीखाली एक दगड आहे. प्रेषिताचा देह घेऊन आलेली होडी याला बांधली होती अशी परंपरा. फादर किंवा तिथली मंडळी झाकण उघडून दाखवतात. शेवटचे 25 किलोमीटर बरेचसे गावांतून आणि रस्त्याकडेनं जातात. मोठ्या रस्त्यावर नेहमी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला.

रोजचा दिवस आणि रात्र

सातच्या सुमारास निघायचं, पहिल्या कॅफेत कॉफी-पाव, दुपारी एक-दोनपर्यंत मुक्काम गाठायचा. मग आंघोळ, कपडे, पोटपूजा, झोप, गाव फिरणं. आल्बेर्गे म्हणजे यात्रीनिवास, दुमजली खाटांची मोठी दालनं. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत 10 युरोंत खाट मिळते. ती दुपारी उघडतात, आधी येईल त्याला जागा, एकच रात्र, सकाळी आठपर्यंत बाहेर. खासगी निवासं थोडी महाग, पण नोंदणी होते. माझ्या मते शनिवारी आणि शेवटच्या दोन रात्री नोंदणी करून टाकावी, बाकीच्या मोकळ्या ठेवाव्यात. गादीच्या शिवणी उचलून ढेकूण पाहून घ्या आणि सॅक खाटेवर ठेवू नका.

वारी केलेल्या माणसाला एक फरक लगेच जाणवेल: इथं दिंडी नाही. जो तो आपल्या चालीनं चालतो, आणि तीच तीच माणसं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुन्हा भेटतात. पोर्तुगालात ‘बों कामिन्यू’, स्पेनमध्ये ‘बुएन कामिनो’ म्हणायचं, ओळख असो वा नसो.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. कोबीसारख्या पानांचं काल्दू व्हेर्द सूप शाकाहारी वाटतं, त्यात बहुतेक वेळा सॉसेजची चकती असते. गालिसियाच्या काल्दोत डुकराची चरबी असते. पोर्तुगीजमध्ये ‘सें कार्न, सें पैश्’ आणि स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया सगळीकडे मिळतं. चीज, पाव, टोमॅटो, फळं, डाळींचे डबे सुपरमार्केटात. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून मीठ घालून देतात. बहुतेक गोड, एखादी झणझणीत. बदामाचा सांतियागो केक नक्की खा, अंडं त्यात असतं.

स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी सहसा मिळत नाही, म्हणून दुपारचं पोटभर घ्या. सरकारी निवासात स्वयंपाकघर असतं पण भांडी अनेकदा नसतात. मेतकूट आणि कोरडी चटणी घरून न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि तूप घरीच राहू द्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. वाटेवरच्या झऱ्यांवर पाटी वाचून मगच बाटली भरा.

पोहोचल्यावर

आधी ओब्रादोइरो चौकात जा आणि हवा तितका वेळ बसा. मग रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात. नोंदणी ऑनलाइन आधीच भरून ठेवली तर रांग लवकर सरकते. तिथं यात्रेचा हेतू विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतू सांगणाऱ्याला लॅटिनमधलं कॉम्पोस्तेला प्रमाणपत्र विनामूल्य मिळतं. हेतू वेगळा असेल तर स्वागताचं वेगळं पत्र मिळतं. ख्रिस्ती असण्याची अट नाही.

कॅथेड्रलचं बांधकाम 1075 मध्ये सुरू झालं आणि 1211 मध्ये ते अर्पण झालं. आत सॅक नेता येत नाही, मुक्कामी ठेवून या. वेदीमागच्या पायऱ्या चढून प्रेषिताच्या मूर्तीला मागून मिठी मारायची आणि मग खाली उतरून कबरीचं दर्शन घ्यायचं, असा क्रम आहे. यात्रेकरूंची मिस्सा दुपारी 12 वाजता आणि संध्याकाळी साडेसातला असते. बसायला जागा हवी तर निदान पाऊण तास आधी जा. छतापासून झुलणारी 53 किलोची बोताफुमेइरो धूपदानी रोज हलवत नाहीत, ठरावीक सणांना किंवा कुणी खर्च उचलला तर. ती दिसेल या अपेक्षेवर दिवस बेतू नका. मेस्त्रे मातेओनं घडवलेलं बाराव्या शतकातलं ग्लोरिया द्वार मात्र पाहाच. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि आधी काढलेलं बरं.

हातात दिवस उरले तर सुमारे 90 किलोमीटरवर समुद्राला भिडणारं फिस्तेरा आहे. चालत गेल्यास चार दिवस, बसनं एका दिवसात जाऊन-येऊन. परतीला सांतियागोतून माद्रिदला रेल्वे आहे, पोर्तोला बस आहे, आणि शहराबाहेर विमानतळही आहे. परतीचं विमान पोहोचण्याच्या निदान दोन दिवस नंतरचं घ्या.